रोवणीतली तिसरी गोळी

“आ कर.”

रोज संध्याकाळी जेवण आटोपलं की नवरा पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि एवढं बोलायचा. मी आ करायचे. “जीभ वर.” मी जीभ वर करायचे. मग तो मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या दाढांच्या मागे डोकावायचा आणि समाधान झालं की “हं” म्हणून टीव्हीसमोर जाऊन बसायचा. मी चौथीला शिकवणारी बाई. मोहाडीच्या बाजूला ज्या खेड्यातल्या शाळेत मी आहे, तिथे मी नुसते डोळे वटारले तरी सारे पोट्टे चूप होतात. आणि घरी माझी ही इज्जत!

आता हे काहून चालू होतं तेही सांगते, नाहीतर तुम्ही माझ्या नवऱ्याला वाईट म्हणाल. तो हक्क माझा आहे. मला मन वर-खाली होण्याचा आजार आहे. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. गावात म्हणतात, “बाईचं डोस्कं फिरते.” दोघांचंही बरोबर आहे.

डोस्कं वर चढलं की माझ्यासारखी हुशार बाई जिल्ह्यात दुसरी नसते. एकदा मला वाटलं, किल्ला पुस्तकातून शिकवणं म्हणजे पोरांची फसवणूक. झालं! सारी चौथी दोन काळीपिवळ्या जीपांत कोंबली आणि भर उन्हात आंबागडला नेली. परवानगी मी परत आल्यावर मागणार होते. किल्ल्यावर मी इतक्या जोरात इतिहास सांगितला की झाडावरची माकडं उठून गेली. पोरं जाम खुश. पालक तेवढे नव्हते.

डोस्कं खाली उतरलं की मात्र गंमत संपते. मग मी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. केस विंचरत नाही, शाळेत जात नाही, ताटातला भात तसाच वाळून जातो. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायची हौस नाही.

पहिली गोळी लिथियमची. ते एक प्रकारचं मीठच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाणी भरपूर प्या, जेवणातलं मीठ एकदम कमी-जास्त करू नका, वेळच्या वेळी रक्त तपासा. त्या गोळीने माझं चढणं आवरलं, पण उतरणं काही आवरेना. मागच्या हिवाळ्यात मी जी पडले ती उन्हाळा लागेपर्यंत उठलेच नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “सोबत दुसरी गोळी देऊन पाहू. एकीने वर जाणं थांबतं, दुसरीने खाली पडणं थांबेल. पण दोन्ही एकत्र घेतल्या की दोन्हींचे त्रासही एकत्र येतात. झोप वाढेल. वजन वाढू शकतं, साखरेवर लक्ष ठेवावं लागेल, हात थोडा कापू शकतो. फायदा जास्त की तोटा, हे मी एकटा ठरवणार नाही. तुम्ही घेऊन पाहा आणि मला सांगा.”

फायदा झाला. हे मी कबूल करते, पण तोंड वाकडं करून. मी उठले, अंघोळ केली, शाळेत जायला लागले. तोटाही झाला. सकाळी गजर वाजला की मला तो शेजाऱ्यांच्या घरचा वाटायचा. सारे ब्लाऊज एका उन्हाळ्यात परके झाले. शिवणारी बाई माप घेताना टेप पाहायची, मग माझ्याकडे पाहायची आणि बिचारी काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि “आ कर.” त्याचं कारण म्हणजे पहिल्या गोळीच्या काळात मी काही दिवस गोळ्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरल्या होत्या. मला वाटलं होतं कोणाला कळणार नाही. सासूबाईंनी माती उकरली आणि सारं बाहेर आलं. मोगऱ्यालाही काही फायदा झाला नव्हता. तेव्हापासून नवऱ्याचा टॉर्च सुरू. शेवटी आमचं ठरलं की या दिवाळीपर्यंत मी दोन्ही गोळ्यांवर नीट राहिले तर तोंड पाहणं बंद.

मला तेवढंच पाहिजे होतं. सोनं नको, साडी नको. मी “घेतली” म्हटलं की घेतली, असं घरात मानलं जावं. माझा शब्द चालावा. ज्याच्या डोस्क्याचा कागद दवाखान्यात आहे ना, त्याला साधा राग करायचीही सोय राहत नाही. मी हसले की नवरा पाहायचा, चढली का? रडले की सासूबाई पाहायच्या, उतरली का? एकदा भाजीत मीठ नाही म्हणून मी ओरडले तर माय-लेक एकमेकांकडे बघायला लागले. अरे बापा, भाजीत मीठ नव्हतंच ना!

तर दिवाळी अजून लांब होती, आणि मधे रोवणी आली, म्हणजे भाताची लावणी.

आमची थोडी धानाची शेती आहे. रोवणीच्या दिवसांत साऱ्या गावाला एकदम बाया लागतात, आणि बाया तेवढ्याच असतात. शेतातल्या बांध्या चिखल करून तयार होत्या, रोपं, आमच्याकडे पऱ्हे म्हणतात, उपटून ठेवली होती, आणि ठरलेल्या टोळीतल्या काही बाया दुसरीकडे गेल्या. नवरा डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, “मी येतो ना रोवाले.”

सासूबाई म्हणाल्या, “तू? अवं, तुले वाकता तरी येते का?”

बस. तेवढ्याने माझं टाळकं फिरलं. मला दाखवून द्यायचं होतं की मी चांगली आहे, धडधाकट आहे, माझ्या तोंडात टॉर्च मारायची कोणाला गरज नाही. शाळेत रजा टाकली, साडीचा काष्टा मारला आणि चिखलात उतरले. लहानपणी मी रोवणी केली होती. त्या भरवशावर आता पन्नाशीच्या तोंडावर उतरणं म्हणजे शुद्ध बह्याडपणा. पण बह्याडपणाचा तर माझ्याकडे कागदच आहे.

टोळीची म्होरकी म्हणजे आमच्याच गावातली एक वयस्क बाई, तोंडाची तिखट. मी एकेक पऱ्हा नीट ओळीत, सुलेख काढल्यासारखा लावत होते. तिने दुरून पाहिलं आणि ओरडली, “मॅडम, धान लावून राहिल्या का देवाले फुलं वाहून राहिल्या? हात चालवा, नाई तं होळीलेच कापनी करा लागन!” सारी बांधी हसली. मीही हसले. मग जिद्दीने जी वाकले, ती दुपारी सरळच होईना. कंबर म्हणत होती, बाई, मला इथेच सोडून तू घरी जा.

जेवायच्या सुट्टीत आम्ही सगळ्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलो. डबे उघडले, चटणी-भाकर झाली आणि मग म्होरकीने कमरेची पिशवी सोडली. त्यातून एक तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी निघाली आणि एक गोळ्यांची पट्टी. दोन्ही एकाच हाताने बायांमध्ये फिरल्या. “घ्या मॅडम. खर्रा तं तुमी खात नाई. गोयी तरी घ्या. नाई तं रोवनी होत नसते.” मी घेतली. तिथे बसलेल्या प्रत्येक बाईने घेतली. रोवणीत अंगदुखीची गोळी म्हणजे चहाच्या जातीची वस्तू. तिला कोणी औषध म्हणत नाही. अर्ध्या तासात माझी कंबर परत आली आणि मी दुपारभर असे पऱ्हे लावले की म्होरकीने टोमणा मारायचं सोडून दिलं. मला वाटलं, आपण जिंकलो.

ते सारे दिवस मी तसेच काढले. दुपारी एक गोळी, फारच दुखलं तर परतताना आणखी एक. आणि पाणी अगदी घोटभर. काहून, तर बांधीत बाईमाणसाला आडोसा कुठे असतो? साऱ्याच बाया मोजकं पाणी पितात, मीही तेच केलं. वरून ऊन आणि घाम. संध्याकाळी घरी आले की “आ कर”, दोन गोळ्या, “हं”. नवऱ्याच्या हिशेबाने सारं अगदी बरोबर चाललं होतं.

रोवणी संपली आणि मी शाळेत गेले तर खडूच धरता येईना. फळ्यावर ‘गणित’ लिहिलं ते पाहून एक पोरगी म्हणाली, “मॅडम, भूकंप झाला का?” दुसऱ्या दिवशी जीभ जड झाली. पाय असे पडायला लागले की व्हरांड्यातून सरळ जायचं म्हटलं तर मी भिंतीला धरून जायचे. मुख्याध्यापकांनी मला खुर्चीवर बसवलं आणि बोलता बोलता हळूच वास घेतला. माणूस सभ्य, म्हणून त्यांनी रुमालाने नाक पुसल्यासारखं केलं, पण मला कळलं. वर्षानुवर्षं पोरांकडून दारूबंदीच्या घोषणा पाठ करून घेणारी मी, आणि माझ्या तोंडाला मोहाची दारू शोधून राहिले होते! वास आला नाही तेव्हा ते जास्तच घाबरले. म्हणाले, “मॅडम, घरी जाऊन आराम करा.”

घरी बैठक बसली. उलट्या आणि जुलाब सुरू झाले होते, म्हणून मी बाजेवर पडल्या पडल्या हजर.

नवरा म्हणाला, “मी पाहून राहिलो, तुहा हात लय कापून राहिला.”

सासूबाईंनी निकालच दिला, “दोन गोया सवती होत. एका पोटात नांदत नाई त्या. भांडून राहिल्या.”

नवऱ्याने मोबाइल काढून दुसऱ्या गोळीचे त्रास वाचायला घेतले. त्यात उचकीपासून मरणापर्यंत सारं होतं, आणि हात कापणंही होतं. “पाह्य, लिहूनच आहे!” तो म्हणाला.

आता खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतक्या महिन्यांनी माझी दुश्मन सापडली होती. मी बाजेवरून अशी वकिली केली की कोर्टात केली असती तर फी मिळाली असती. हीच गोळी मला सकाळी उठू देत नाही, हिनेच मला फुगवलं, हिनेच माझा हात नेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, दोन्ही एकत्र म्हणजे त्रास एकत्र? मग एक काढून टाका. त्यांना विचारायला कशाला पाहिजे, त्यांनीच तर म्हटलं होतं की ठरवायचं तुम्ही! डॉक्टर “मला सांगा” असंही म्हणाले होते, ते मी सोयीने गाळलं. त्या संध्याकाळपासून दुसरी गोळी बंद. नवऱ्याने टॉर्च मारला तो एकाच गोळीसाठी.

हात थांबला नाही. उलट आता चमचाही तोंडापर्यंत जाईना, झोप उडाली ती पार उडाली, आणि मी काय बोलून राहिले हे सासूबाईंना कळेना. त्या रडायला लागल्या. तेव्हा नवऱ्याने शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि मला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, हात पुढे करायला सांगितले, लगेच रक्त घ्यायला लावलं. मग विचारलं, “दोन गोळ्यांशिवाय आणखी कुठलं औषध?”

“नाही,” मी म्हटलं.

“बीपीचं? गुडघ्याचं? सर्दीचं?”

“नाही जी.”

नवरा मधेच छाती काढून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, मी स्वतः तोंड तपासतो हिचं. दोनच जातात.”

मग नाइलाजाने आम्ही दुसरी गोळी बंद केल्याचंही सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा पाहून मला चौथीतल्या पोट्ट्यांची कीव आली. मी रागावले की त्यांना असंच वाटत असेल. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो दोनदा पाहिला. “लिथियम फार वाढलंय. बंद केलीत ती गोळी याचं कारण नाही. मागच्या आठवड्यात काय केलंत?”

“रोवणी,” मी म्हटलं.

डॉक्टर आमच्याच भागातले. त्यांनी पेन खाली ठेवला. “आणि धुऱ्यावर गोळी खाल्लीत.”

“ते तं दुखन्याची होती!” मी आणि नवरा एकदम बोललो. लग्नानंतर इतकं एका सुरात आम्ही क्वचितच बोललो असू.

ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. दुखण्याच्या अशा कित्येक गोळ्यांनी ते बाहेर पडणं कमी होतं. त्यात घाम, त्यात पाणी नाही. म्हणजे ते अंगातच साचत गेलं. “दोन गोळ्यांचा मेळ मी विचार करून बसवला होता,” ते म्हणाले. “तिसरीशी मेळ कोणी बसवला? अजून काही दिवस गेले असते तर तुम्ही चालत आला नसतात.” मग मला भरती केलं, लिथियम थांबवलं, सलाईन लावली आणि पुन्हा पुन्हा रक्त घेतलं.

खाटेवर पडल्या पडल्या मला माझंच हसू येत होतं आणि रडूही. दाढांच्या मागे टॉर्च मारणारा नवरा, माती उकरणारी सासू, स्वतःला हुशार समजणारी मी, साऱ्या घराने दोन गोळ्यांवर पहारा दिला. आणि जी खरा घात करत होती ती मी दिवसाढवळ्या, साऱ्या बायांसमोर, चटणी-भाकरीवर खात होते.

हात थांबला, जीभ सुटली, पाय सरळ पडायला लागले. मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. “आता शांत डोक्याने ठरवू. दुसरी गोळी निर्दोष सुटली. पण तुमच्या तक्रारी खोट्या नाहीत. ती कमी करता येते, लवकर घेता येते, बदलूनही पाहता येते. काढायची असली तरी हळूहळू, माझ्या देखरेखीत. तुम्ही सांगा.”

मी तयारच होते. झोप सांगितली, वजन सांगितलं, ब्लाऊज सांगितले, भूकंप म्हणणारी पोरगी सांगितली. ती चूक या गोळीची नव्हती हे विसरून सांगितली. डॉक्टर सारं ऐकत होते. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही?”

“मी काय सांगू जी. अंग तिचं आहे.” मग चपलेकडे पाहत तो बोलला, “मागच्या हिवाळ्यात ही पडून होती ना, तवा मी फवारनीचं सारं औषध घरातून उचललं. भावाच्या गावाले नेऊन ठेवलं. हे आता सांगून राहिलो, हिले मालूम नाई. अजूनबी तिथंच आहे. ही दुसरी गोयी सुरू झाली आन् ही उठून शाळेत गेली, तवा मी झोपलो. ही म्हनते, माही झोप वाढली. माही तं तवाच सुरू झाली.”

मला मालूम नव्हतं. खरंच नव्हतं. मी इतके महिने एका पारड्यात माझी झोप, माझं वजन, माझा हात टाकत होते. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहिलंच नव्हतं. मला फार लाज वाटली आणि त्याच्यावर फार माया आली, आणि दोन्ही एकदम आल्याने मी डॉक्टरांसमोर नाक शिंकरून रडले.

“राहू द्या दुसरी,” मी म्हटलं. “थोडी कमी होत असेल तर करा. लवकर घेईन. ब्लाऊज नवे शिवीन.”

डॉक्टरांनी लिहून दिलं. लिथियम कमी करून पुन्हा सुरू, दुसरी थोडी कमी, रक्त लवकर तपासायचं, आणि अंगदुखीची, तापाची, कुठलीही गोळी विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही. मग ते नवऱ्याला म्हणाले, “आणि तुम्ही तोंड पाहणं बंद करा. त्याने किती बचाव झाला ते दिसलंच.”

नवरा खाली मान घालून म्हणाला, “बंद करतो जी. पन मले भेव लागते.”

परतताना वरठीला कारखान्याच्या अलीकडे चहासाठी थांबलो. शिफ्ट सुटली होती, मोटरसायकलींचा लोंढा चालला होता. मी दोन्ही हातांनी ग्लास धरून बसले होते. दिवाळीआधीच मी जिंकले होते. आता मी “घेतली” म्हटलं की घेतली. पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

“तू सांगत जाशीन ना?” त्याने विचारलं.

“सांगत जाईन.”

“रोज?”

“हो जी, रोज. घेतली म्हणून सांगीन.”

“ते तं सोपं आहे. ज्या दिवशी घ्यावशी नाई वाटन, त्या दिवशी?”

माझा शब्द चालावा म्हणून मी भांडत होते, आणि तो शब्द कोणत्या दिवशी द्यावा लागणार हे मी मनातही आणलं नव्हतं.

“त्या दिवशीबी सांगीन,” मी म्हटलं. “पयले तुमालेच सांगीन.”

त्याने मान हलवली, ग्लास ठेवला आणि आम्ही घराकडे निघालो.